तुळसाच्या मानेवरचं गजकर्ण

३ जुलै १९३७, लोणावळा
पत्रे पुन्हा गळू लागले. गवंड्याला मे महिन्यातच बजावलं होतं. पुस्तकांच्या कपाटाला बुरशी. दुपारभर फडकं घेऊन बसले, पाठ धरली.

संध्याकाळी सगुणा आली, कान्ह्याहून. दर पंधरवड्याला तूप घेऊन येते, तशी. पण आज हातात तूप नाही आणि मागे लेक, तुळसा. दोन वर्षांपूर्वी उर्से गावी लग्न करून दिली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.
"बाई, पोरीला घालवून दिलीया."
"कोणी?"
"सासूनं. महारोग हाय म्हनं."
पदर काढायला लावला. मानेवर, काखेत, कमरेला गोल गोल चट्टे, कडा लाल. मानेवरच्या चट्ट्यावर मोठाले फोड. सासूने बिब्बा घातला होता. त्याआधी घासलेट. त्याआधी टाकळ्याचा पाला, तो तरी बिचारा निरुपद्रवी.
महारोग म्हणण्याआधी डॉक्टरला दाखवलं का, असं विचारलं. "देवरुष्यानं बघितलं की." दोघींना मागच्या खोलीत झोपायला सांगितलं.

४ जुलै
रविवार. बायकांचा दवाखाना बंद. इंदूने माझ्यासाठी उघडला. माझी शाळेतली विद्यार्थिनी. तेव्हाही परीक्षेत शेजारणीने पाटी पुढे केली तर ही डोळे मिटून घ्यायची. आता डॉक्टरकीची एल.सी.पी.एस. होऊन इथे एकटी दवाखाना चालवते, मागच्या खिडकीशी एक कंपाउंडर. माझ्यापुढे अजून खुर्चीत बसत नाही. मी रागावल्यावर बसते.

तुळसाचे डोळे मिटायला लावले. कधी कापसाची वात, कधी टाचणी.
"कुठं लागलं सांग."
"हितं. … हितं. … आता न्हाई लागलं. उगं फसवू नगा, बाई."
इंदू हसली. खरंच तिने हात मागे घेतला होता.
"सगुणाबाई, महारोग असता तर त्या चट्ट्यावर हिला टाचणी कळलीच नसती. हे गजकर्ण आहे. नायटा म्हणा. एक प्रकारची बुरशी. ओल असली की वाढते."
तुळसा पहिल्यांदा मान वर करून बोलली: "म्हंजी मी शिळी भाकर का?"
सगुणाने तोंडावर पदर धरला. रडत होती की हसत होती, कळलं नाही.

घरात आणखी कोणाला आहे का, असं इं. ने विचारलं. तुळसा म्हणाली, न्हाई. फार लवकर म्हणाली.

६ जुलै
ठरलं. तुळसा इथेच राहील. सगुणाला शेत आहे, तिला जायला हवं. मलम आधी लावायचं नाही, बिब्ब्याच्या जखमा भरू द्यायच्या. तोवर नुसतं खोबरेल आणि कोरडं ठेवणं. या मुलखात, या महिन्यात, कोरडं! इं. अगदी शांतपणे सांगते, जणू काही आम्ही मारवाडात राहतो.

खरा प्रश्न लुगड्याचा. तुळसाची दोनच. एक अंगावर, एक वाळत. वाळत कसलं, दमट. अंघोळ करून तेच दमट गुंडाळायचं, कमरेची गाठ करकचून मारायची, दिवसभर त्या गाठीखाली पाणी मुरतं. कमरेचा चट्टा अगदी गाठीखाली आहे. माझी तीन जुनी पातळं काढून दिली. नको म्हणाली. "घे" म्हटलं, वर्गातल्या आवाजात. घेतली.

माळ्यावरून बांबूचं डालगं काढलं. खाली निखाऱ्यांची शेगडी, वर कपडे. आई असंच करायची. घरभर धुराचा वास. असो.

१२ जुलै
जखमा भरल्या. आज मलम सुरू. पत्र्याच्या गोल डबीत, पिवळसर, मऊ. सकाळ-संध्याकाळ, अंग कोरडं करून, चट्ट्याच्या कडेच्या बाहेरपर्यंत चोळायचं. झोंबतं. तुळसाने दात आवळले.

अडचण गळ्याची. तिच्या गळ्यात तुळशीची माळ. माहेर माळकरी, आजोबा पक्के. सासरचे मांसमच्छी खाणारे, पण हिने माळ उतरवली नाही. सासूशी पहिलं भांडण त्यावरूनच. मानेवरचा चट्टा बरोबर माळेखाली. मला वाटलं इं. माळ काढायला सांगणार. नाही सांगितलं. नवा दोरा ओवून घे म्हणाली, मणी कढत पाण्यात बुडव, रोज कोरडे पुस. "काढायला सांगितली असती तर मलमसुद्धा फेकून दिलं असतं तिने." हे मला सुचलं नसतं. मी हुकूमच सोडला असता.

१८ जुलै
तुळसाने चट्ट्यांना नावं ठेवली आहेत. काखेतला लहान तो "नणंद". मानेवरचा "आत्याबाई", म्हणजे सासू. कमरेचा सर्वांत मोठा तो "थोरली जाऊ". आज सकाळी आरशात मान वळवून पाहून म्हणाली, "बाई, नणंद निगाली सासरी." खरंच काखेतला फिका पडला आहे. कातडीचे पापुद्रे निघतात, कांद्यासारखे.
"आणि थोरली जाऊ?"
"ती कुटं जातीय. चुलीम्होरनं हलत न्हाई."
मी हसले. बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले असावे, शेजारच्या बाई डोकावल्या.

खाज थांबली म्हणून संध्याकाळी मलम लावायचं टाळत होती. रागावले. इं. चं वाक्य ऐकवलं: खाज थांबली म्हणजे बुरशी मेली नव्हे. दिसेनासं झाल्यावरही कितीतरी दिवस लावत राहायचं. अर्ध्यावर सोडलं की दुप्पट उगवतं.
"तुमी रागावताय का शिकवताय?"
"दोन्ही."
लावलं.

२१ जुलै
उर्शाहून निरोप, सगुणाच्या नात्यातल्या कोणा बाईकडून. सासू म्हणते: गौरीपर्यंत सून स्वच्छ झाली तर बरं, गौरीला हात लावायला निर्मळ बाई लागते. नाहीतर दसऱ्याला दुसरी पोरगी बघू. निरोप ऐकून तुळसा पीठ चाळायला बसली. चाळून झालेलं पुन्हा चाळलं.

२६ जुलै
संताप. संताप.

सगुणा तूप घेऊन आली, मलमाची नवी डबी आणायला दवाखान्यात गेली. कंपाउंडर गप्पिष्ट. "एवढं मऊ कसं हो राहतं?" असं तिने सहज विचारलं. तो सहज म्हणाला, "मेंढीची चरबी असते ना."
चरबी! माळकऱ्याच्या गळ्यात, माळेला लागलेली!
आली ती उंबऱ्यात उभी राहिली, आत येईना. तुळसाला म्हणाली, "अंग धू. चल." तुळसा माझ्याकडे बघत राहिली, मग आईकडे. मग माळेला हात लावला आणि रडायला लागली. इतके दिवस बिब्बा, घासलेट, निरोप, कशानेही रडली नव्हती.

मी तशीच इंदूकडे. "सांगून टाक, कंपाउंडरची चूक, त्यात व्हॅसलिन आहे. विषय संपेल."
"पण त्यात व्हॅसलिन नाही, बाई."
"माहीत आहे मला!"
"लोकरीतलं मेण आहे. त्या विचारतील तर मी तेच सांगणार."
"मुलीचा संसार जाईल."
"व्हॅसलिन पुण्याहून मागवते, त्यात करून देते. पण आधी जे लावलं त्याबद्दल खोटं बोलणार नाही."
सगुणा माझ्या मागोमाग येऊन पायरीवर उभी होती, सगळं ऐकलं. म्हणाली, "डाक्तरीणबाई, तुमी खरं बोल्ला ते बरं झालं. पर आता दुसरी डबी दिली तरी हात धजायचा न्हाई."
दुपारच्या गाडीने दोघी गेल्या. डबी माझ्या खिडकीत राहिली.

इंदूवर चिडले आहे. मी खोटं बोलले असते, आणि आत्ता या क्षणी वाटतं, बोलायला हवं होतं.

३१ जुलै
कान्ह्याला जाऊन आले. पाऊस तिरका, छत्री निरुपयोगी. भाताच्या रोपांची आवणी जोरात. सावडीची पद्धत: आज सगळ्यांनी मिळून याच्या शेतात, उद्या त्याच्या. जो सावडीला जाणार नाही त्याच्या शेतात कोणी येणार नाही. सगुणाच्या घरून तुळसा जाते. गुडघाभर चिखलात, कमरेपर्यंत ओली, दिवसभर वाकून.
बांधावरून हाक मारली. आली. मान पाहिली. कडा पुन्हा लालभडक, खाली एक नवा.
"खाजतंय?"
"लय." मग हसायचा प्रयत्न: "नणंद माघारी आली, पोरंबाळं घेऊन."

सगुणाच्या ओसरीवर आबा होते, तिचे सासरे. खूप म्हातारे, डोक्यावर घोंगडीची खोळ, आतून दोन डोळे. मी भाषण केलं. बुरशी, औषध, गौरी, दसरा, सगळं. ऐकून घेतलं. म्हणाले, "माळ माज्या बापानं घातली, मी पोरात घातली, ह्या पोरीला म्या घातली. तिला लागलं ते मला लागलं, मास्तरीणबाई. मला इचार करू द्या."
परतताना गाडीत ओल्या पातळाने कुडकुडले. मुलीला उपदेश करते आणि स्वतः.

५ ऑगस्ट
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

आबा आले. कामशेतला गाडी धरून, सगुणा आणि तुळसासह. या वयात. थेट दवाखान्यात. बायकांच्या दवाखान्यात आत यायला नको म्हणाले, व्हरांड्यातच जमिनीवर बसले. इंदू खुर्ची सोडून बाहेर आली आणि समोर जमिनीवर बसली. मी उभी.

"डाक्तरीणबाई, त्या डबीसाटी जीव मारत्यात का?"
"नाही, आबा. मेंढीची लोकर कातरतात. लोकर गरम पाण्यात धुतात. त्या पाण्यावर तेलकट मेण येतं, ते घेतात. मेंढी कातरल्यावर चरायला जाते."
मी मनात म्हटलं, झालं. आता गप्प बस.
ही पुढे म्हणाली: "पण तो कारखाना मी पाहिलेला नाही. परदेशात आहे. पुस्तकात वाचलं, शिकवलं, तेवढं सांगते."
मी डोळे मिटले. कोणी मागितलं होतं ते शेवटचं वाक्य!

आबा डोक्यावरच्या घोंगडीचा काठ दोन बोटांत चोळत राहिले.
"नवी घोंगडी भिजली की हाताला चिकाट लागतं. वास मारतो. त्येच का?"
"तेच असावं. हो, तेच."
"ही घोंगडी मी पूजंला आंथरतो. भजनाला हिच्यावर बसतो. लोकरीला इटाळ न्हाई." थांबले. "मंग ते चिकाट जल्मभर माज्या डोईवरच हाय की."
सगुणा म्हणाली, "मामंजी, पर चरबी म्हनला तो—"
"त्यो डब्या देनारा बोल्ला. ही बाई बोलती ते येगळं." आणि तुळसाला: "लाव गं. माळ माजी बी हाय, माज्यावर पाप."

जाताना मला म्हणाले, हळू, इंदूला ऐकू जाणार नाही असं: "न पायलेलं न्हाई पायलं म्हनली. तवा पटलं मला. न्हाईतर न्हाई पटत कुनाचं."

रात्रभर नाही, पण बराच वेळ याचा विचार करत बसले. माझं व्हॅसलिन आज चाललं नसतं. म्हाताऱ्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं आणि उठून गेला असता. मी इंदूला शिकवलं म्हणतात लोक. वाचायला शिकवलं असेल. हे तिने कुठून आणलं, मला ठाऊक नाही. उद्या तिला सांगेन. (सांगणार नाही. खुर्चीत बस म्हणेन.)

१४ ऑगस्ट
तुळसा पुन्हा माझ्याकडे. आवणी संपली. डालगं, शेगडी, धूर. मलमाच्या जोडीला नवा नियम: नहाणं झालं की अर्धा तास मोकळं, सैल नेसून बसायचं, मग मलम. ती त्या वेळात शेंगा सोलते. शेजारच्या बाई म्हणाल्या, चरबी लावून घेते ना ती? तुळसा खिडकीतून: "न्हाई हो मावशी, घोंगडी लावते!"

श्रावणाचे सोमवार धरते. उपासाचा परिणाम नाही, खिचडी माझ्या दुप्पट खाते.

२५ ऑगस्ट
मान स्वच्छ. फक्त रंग किंचित गडद, तो जाईल म्हणते इं. कमरेचा आता रुपयाएवढा.

इं. ने आज पुन्हा विचारलं. दार लावून, मला बाहेर बसवून. पण दार पातळ आहे.
"तुळसा, सासरी कोणाला आहे?"
"त्यांना."
"नवऱ्याला?"
"जांगंत. लगीन झालं तवापास्नं. लय खाजवत्यात. पर पुरुषाला कोन बोलनार? मला दिसाया लागलं तवा महारोग झाला."
"आधी का नाही सांगितलंस?"
"त्यांना बी महारोगी म्हनतील की, डाक्तरीणबाई."

म्हणजे इतके दिवस ही एकटी ते अंगावर घेऊन बसली. मी व्हरांड्यात बसून चष्मा पुसत राहिले. पुसायची गरज नव्हती.

बाहेर आल्यावर इं. मला म्हणाली: ही बरी होऊन गेली तर दिवाळीपर्यंत पुन्हा तशीच. त्याच अंथरुणात, त्याच पांघरुणात. दोघांना एका वेळी मलम लावायला हवं.
"मग तो येईल का?"
"पुरुष गजकर्ण दाखवायला? इथे? बायकांच्या दवाखान्यात?" हसली. मला हसू आलं नाही.

२९ ऑगस्ट
तुळसाला विचारलं, नवरा कसा आहे. नाव घेत नाही अर्थात. "मानूस वाईट न्हाई. बाजारातनं येताना गूळ आनायचं, गपचिप. पर आयपुढं त्वांड उगडत न्हाई." तुला घालवली तेव्हा काय करत होता? "बैल सोडत हुतं. सोडलेलेच बैल परत सोडत हुतं."

९ सप्टेंबर
गणपती. इंदू आली, मोदक नेले. तुळसाची तपासणी माझ्या माजघरातच. कुठेही कड उठलेली नाही, पापुद्रा नाही. "अजून लावत राहायचं," इं. म्हणाली. तुळसा म्हणाली, "म्हाईत हाय. दिसत न्हाई म्हंजी मेलं न्हाई." इं. चं वाक्य तिलाच.

१३ सप्टेंबर
गौरीपूजन. सासू आली. स्वतः, बैलगाडी घेऊन, उर्शाहून इतक्या लांब. म्हणजे निरोप पोचला होता की सून सुधारली. सगुणाही बरोबर, चेहरा फुललेला. नवरा गाडीपाशीच उभा, बैलांची माशी मारत. सशक्त मुलगा, मान खाली. मी खिडकीतून पाहत होते. बैलांची माशी मारता मारता हात कमरेखाली गेला, मग एकदम मागे घेतला.

सासूने तुळसाची मान उजेडात धरून पाहिली, दोन्हीकडून, म्हशीचे दात पाहतात तशी.
"निर्मळ झाली की. चल, गौर जेवायची हाय."
तुळसाने गाठोडं बांधलेलं होतं. ते तिने उचललं नाही.
"आत्याबाई, एक बोलायचंय."
"गाडीत बोल."
"न्हाई, हितंच. तुमच्या ल्योकाला बी हे मलम लावाया लागंल. मी आले आन् त्यांनी न्हाई लावलं, तर मला परत हुईल. मंग परत महारोग."
"माज्या ल्योकाला? काय झालंय माज्या ल्योकाला?"
"मला झालतं त्येच."
सासूचा आवाज चढला: "सोताचं ल्योकाच्या गळ्यात मारतीस व्हय? शिकवलं कुणी? ह्या बाईनं?"
मी तोंड उघडणार होते. तुळसाने माझ्याकडे न बघता हात मागे केला, थांबा असा. मी थांबले. मला इतक्या वर्षांत कोणी असं थांबवलेलं नाही.
"कुनाचं कुनाला झालं ते म्या काडत न्हाई. दोगांनी लावलं की दोगांचं जातंय, येवडंच. त्यांनी डाक्तरीणबाईला दाखवावं. मंग मी चालत येते, गाडी बी नगं."
डबी पुढे केली. सासूने घेतली नाही. "गौर बिनसुनंची जेवंल," म्हणाली आणि गेली. गाडी वळली तेव्हा नवऱ्याने एकदा वर पाहिलं. कोणाकडे ते सांगता येत नाही.

सगुणा मात्र भडकली. "घर चालत दारात आलतं आन् तू मलम म्होरं केलंस! लोकाला काय सांगू? माळकऱ्याची पोर नवऱ्याची जांग चव्हाट्यावर काडते म्हनून?" सगुणा गाडी चुकेल म्हणून निघून गेली, जेवलीसुद्धा नाही. आज दोन ताटं झाकून ठेवली, तिचं आणि तुळसाचं.

१४ सप्टेंबर
रात्री झोप नीट नाही. विचार आला, जाऊ द्यायला हवं होतं का? चोरून मलम लावलं असतं बिचारीने. तिला तसं बोलले. म्हणाली, "बाई, चोरून मी लावीन. पर ते चोरून लावत्यात का?" प्रश्न बरोबर.

२ ऑक्टोबर
ऊन पडलं. पुस्तकं अंगणात वाळत घातली, तुळसाने पानं उलटून दिली. सगळी लुगडीपातळंही उन्हात, डालगं माळ्यावर. तुळसा अजून सकाळ-संध्याकाळ मलम लावते, कुठे लावायचं ते आठवून. कातडीवर आता काही उरलं नाही. इं. म्हणते, असे दहा रोगी मिळाले तर पुरे, मी पुस्तकच लिहीन. इं. सहसा असं बोलत नाही.

१४ ऑक्टोबर
दसरा. आबा सोनं द्यायला आले, तुळसाला आपट्याची पानं दिली, मला दिली, इंदूला द्यायला वेगळी बांधून दिली. बातमीही आणली. उर्शाकडचे दुसऱ्या गावी मुलगी पाहून आले. बोलणी अजून झाली नाहीत. पाहणीला नवरा गेला नाही, पोट दुखतंय म्हणाला.
"खरंच दुखत आसंल," तुळसा म्हणाली. पण पानं पदरात बांधताना गाठ दोनदा सुटली.
आबांनी विचारलं, माघारी जायचं मनात हाय का, पोरी? "हाय," म्हणाली. "पर तशीच न्हाई."
म्हातारा मान हलवत राहिला. रागावला नाही. मला वाटतं, त्याला अभिमान वाटला, आणि भीतीही. मलाही तसंच वाटतं, पण मी तसं तोंडावर दिसू देत नाही.

२२ ऑक्टोबर
सगुणा आली. तूप आणलं. मुलीशी बोलली नाही, पण स्वयंपाकघरात तिच्या शेजारी बसून लसूण सोलली. जाताना मला: "बाई, समजा आता न्हाईच आलं कुनी. मंग?" मी म्हटलं, मग इथे राहील, इंदूला दवाखान्यात बाई हवीच आहे. सगुणा म्हणाली, "ते हाय. पर ते न्हवं." खरंच, ते नव्हे. मुलगी गूळ आणणाऱ्या माणसाबद्दल बोलते, आणि मी नोकरीबद्दल.

३० ऑक्टोबर
सकाळी फराळाची तयारी. तुळसा चकलीची भाजणी भाजत होती. इंदूचा कंपाउंडर धापा टाकत आला, डॉक्टरीणबाईंनी पाठवलंय म्हणाला. मी म्हटलं, कोण अडलीय का? नाही. बायकांच्या दवाखान्याच्या पायरीवर एक पुरुष सकाळपासून बसला आहे. आत यायला सांगितलं, येत नाही. नाव विचारलं, सांगत नाही. रोग विचारला, मान खाली. उठ म्हटलं, उठतही नाही. बायका पदर सावरून बाजूने जातात. डॉक्टरीणबाई म्हणतात, तुळसाबाईंना कळवा.

तुळसाने भाजणी हलवणं थांबवलं नाही. करपली असती म्हणून असेल.
"गाडी हाय का बरूबर?"
"नाही. एकटाच. चालत आलेला दिसतो, पाय धुळीने भरलेत."
मी चपला घालायला लागले. म्हणाली, "बाई, नगा जाऊ. तुमी गेला की उठून पळत्याल."
"मग तू जा."
"मी गेले की काय हुतंय तुमाला ठावं न्हाई. ते पायरीवनं उठत्याल आन् घरी चला म्हनत्याल. मंग मला न्हाई म्हनवायचं न्हाई."
कढई उतरवली, झाकण ठेवलं. हात पुसले. दाराशी येऊन उभी राहिली, उंबऱ्याच्या आतच, दवाखान्याकडे तोंड करून. इथून तो रस्त्याच्या वळणामुळे दिसत नाही.
कंपाउंडर म्हणाला, "काय सांगू बाईंना?"
"सांगा, बसू द्या त्यांना. पानी द्या. आत या म्हनून परत परत इचारू नगा. त्यांचं त्यांना उटून आत येऊ द्या."
तो गेला. ती अजून उंबऱ्यातच उभी आहे. मी हे लिहिते आहे, चपला पायातच आहेत.